शेणव्याच्या ओटीवर दीर्घिका

शहापूर-मुरबाडकडे लोक माहुलीचा गड चढायला जातात, माळशेजला धबधब्याखाली भिजायला जातात, नाहीतर कोणाच्या तरी फार्महाउसवर दोन दिवस लोळायला जातात. मी गेले ती संशय घेऊन. तेरा बायका म्हणजे प्रत्यक्षात एकच बाई आहे की काय, हे मला बघायचं होतं.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. माझा पोटापाण्याचा उद्योग म्हणजे दीर्घिकांचा अभ्यास. आपला सूर्य आणि त्याच्यासारखे अब्जावधी तारे ज्या गोतावळ्यात फिरतात ती आपली आकाशगंगा. असे गोतावळे विश्वात असंख्य आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. त्या जन्मतःच एवढ्या थोरल्या नसतात. शेजारच्या लहान दीर्घिकांना ओढून, गिळून वाढतात. गिळलेलीचे तारे मग मोठीभोवती पुसट शेपटीसारखे पुष्कळ काळ पसरून राहतात. शेपटी सापडली की समजायचं, इथे कोणाचं तरी जेवण झालेलं आहे. पण ती इतकी पुसट असते, की खरी शेपटी कोणती आणि दुर्बिणीत शिरलेल्या उजेडाची तिरीप कोणती, यात संगणकसुद्धा गोंधळतो. म्हणून आम्ही ही छायाचित्रं चारचौघांना मोबाइलवर दाखवतो. एकच चित्र बरेचजण बघतात आणि प्रत्येकजण आपल्याला काय दिसलं ते नोंदवतो: शेपटी आहे, नाही, किंवा सांगता येत नाही. सगळ्यांना दिसली तर शेपटी ठळक, निम्म्यांनाच दिसली तर शंकेची. लोकांचं एकमेकांशी किती पटत नाही, यावरच आमचं मोजमाप चालतं.

या हिवाळ्यात शहापूर तालुक्यातल्या शेणवा गावच्या एका बचत गटाकडून तेरा जणींची उत्तरं यायला लागली. भात झोडून घरात आलेलं, बायकांना जरा उसंत, त्यामुळे उत्तरं भरभरून येत होती. पण तेरा जणींचं एकाही चित्राबद्दल दुमत नाही! अगदी धूसर चित्रं, ज्यांवर माझे विद्यार्थी तासतास भांडतात, त्यांवरही तेरा जणी ठाम आणि एका सुरात. "एकच माणूस तेरा नावांनी बसलाय," माझा सहकारी म्हणाला, "काढून टाक सगळं." शोधनिबंध पाठवायची वेळ जवळ आलेली. ही उत्तरं काढायची म्हणजे त्या बायकांचा सगळा हिवाळा पाण्यात, आणि निबंधाच्या शेवटी आभारांमध्ये गटाचं नाव येणार होतं तेही गेलं. न विचारता कोणाचं काम पुसून टाकणं माझ्या जिवावर आलं. त्यांना हे काम शिकवणाऱ्या शिक्षिकेला, मनीषाला, मी फोन लावला.

"मॅडम, या ना," ती म्हणाली. "बघाच एकेक बाई."

मी एसटीत बसले.

मुरबाड

पुण्याहून माळशेज उतरून मुरबाडला यायचं तर हिवाळ्यात यावं. घाटात एकही धबधबा नाही, त्यामुळे फोटो काढणारेही नाहीत. कडे कोरडे, गवत सोनेरी, आणि खाली उतरलं की कापलेल्या भातखाचरांचे चौकोन. काही चौकोन पिवळे, काही हिरवे. हिरवे कशाचे, ते दुपारी ताटात कळलं.

मनीषा स्टँडवर स्कूटर घेऊन उभी होती. राहायला वाशिंदला, शिकवायला शेणव्याच्या शाळेत, विषय विज्ञान. बोलणं असं भरधाव की तिचं एक वाक्य संपेपर्यंत आपलं हेल्मेट घालून होत नाही. तिनं बेत आखूनच ठेवला होता. तेरापैकी बाराजणी शेणव्याच्या, पण तेरावी हिराबाई मुरबाडकडची. गटाची पुढारी यशोदाबाई हिची सख्खी बहीण. बहिणीनं चांदण्यांचं काहीतरी काम धरलंय म्हटल्यावर हिनंही धरलं. तेव्हा पहिला मुक्काम हिराबाईकडे.

काळू नदीच्या अलीकडे तिचं घर. अंगणात पेंढ्याची उडवी, दाराशी वालाच्या शेंगांची रास. ते हिरवे चौकोन म्हणजे वाल. भात निघालं की त्याच ओलीवर वाल टोचतात आणि मग थंडीभर वालाच्या शेंगा, वालाची भाजी, वालाचं बिरडं. मी साताऱ्याकडची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. तांदळाची भाकरी मला कायम पाहुण्यांसाठी काढलेल्या चादरीसारखी वाटते, पांढरीशुभ्र आणि मऊ, हात लावायला संकोच वाटावा अशी. हिराबाईनं तीन वाढल्या. बरोबर वांग्यात घातलेली सुकट. पहिल्या घासाला मी शिष्टपणा केला, दुसऱ्याला तो सोडला, आणि चौथी भाकरी मागून घेतली.

"खा गो बाय," हिराबाई म्हणाली. "शिकून शिकून वालली पार."

आयुष्यात मला वाळलेली म्हणणारी ही पहिलीच बाई. माझा तिच्यावर तिथेच लोभ जडला.

समजावून सांगायला सोपं जावं म्हणून मी दीर्घिकांची मोठाली छापील चित्रं आणली होती. जेवताना ती ओटीच्या कठड्यावर ठेवली. हात धुऊन येते तो हिराबाईची शेळी एक दीर्घिका अर्धी संपवून दुसरीला लागलेली. मनीषा "हाड हाड" करत धावली, हिराबाई हसून हसून खाली बसली. "शेपूट ऱ्हायलंय बगा," तिनं चघळलेला तुकडा मला दाखवला. खरंच, उरलेल्या तुकड्यावर नेमकी शेपटी तेवढी शिल्लक होती.

मग मी मुद्द्यावर आले. "हिराबाई, तुम्ही हे काम कसं करता ते मला करून दाखवा."

तिनं लेकाचा फोन घेतला, चष्मा चढवला, चित्र उघडलं. पापणी लवेपर्यंत बघितलं असेल. आणि लगेच दुसऱ्या फोनवरून बहिणीला फोन लावला.

"यशे, ते लांबट गाठोडं आलंय बग. शेपूट हाय का नाय?"

"हाय!" पलीकडून असा आवाज आला की शेळीनंसुद्धा मान वर केली. "सकालीच ठरलं ते. सगल्यांनी दाबलं. तू पन दाब."

हिराबाईनं दाबलं आणि कौतुकानं माझ्याकडे बघितलं.

बायका खऱ्या होत्या. तेराच्या तेरा होत्या. फसवाफसवी काही नव्हती. पण उत्तरं मात्र एकाच बाईची होती आणि ती मला वापरता येणार नव्हती. मनीषाच्याही ते ध्यानात आलं. "मी सांगितलं होतं, प्रत्येकीनं आपापलं करा," ती हळूच म्हणाली. "मॅडम, आख्ख्या गावात सांगून ठेवलंय त्यांनी, आमच्या गटाचं नाव मोठ्या निबंधात येणार म्हणून. आता मी काय तोंड दाखवू?"

शेणवा

दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर जीपनं सरळगाव, तिथून किन्हवलीवरून शेणवा. मनीषा स्कूटरवर पुढे, मी आणि हिराबाई जीपमध्ये. हिराबाईला कोणी यायला सांगितलं नव्हतं. ती वालाची पिशवी आणि ठेवणीतलं लुगडं घेऊन आपणहून बसली. "झगडा व्हनार म्हनता तं मी नको का?" तिचं म्हणणं. रस्ता दोन्ही बाजूंनी सागाचा, मधूनच एखादं गाव, मोगऱ्याचं शेत, उन्हात अंग शेकत बसलेली म्हातारी माणसं. एवढ्या प्रसन्न रस्त्यानं एवढी वाईट बातमी घेऊन जाणं मला अगदी नकोसं होतं.

यशोदाबाईंच्या ओटीवर अख्खा गट हजर. नुकतीच सारवलेली जमीन, भिंतीला टेकून ओळीनं बसलेल्या बायका, मध्ये यशोदाबाई. साठीच्या, ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी माझं तोंडभर स्वागत केलं आणि मला दीर्घिका म्हणजे काय ते समजावून सांगायला सुरुवात केली. मी ऐकून घेतलं. बऱ्यापैकी बरोबर सांगत होत्या.

"आदी आमचं काम बगा," त्या म्हणाल्या.

आणि मी जे बघितलं ते बघायला आमच्या संस्थेतल्या सगळ्यांना जीप करून आणायला हवं होतं. एक चित्र उघडलं. फोन हातोहात फिरले. मोठ्या दीर्घिकेला या बायका सासू म्हणतात, लहानीला सून.

"सासूनं गिलली गो सुनंला! त्यो बग पदर बाहेर ऱ्हायलाय."

"पदर कसला, धूर हाय त्यो. शेतात राब भाजल्यावानी."

"धूर असा वाकडा जातो व्हय?"

आवाज चढले, हातवारे झाले, एकीनं दुसरीच्या डोळ्यांचं ऑपरेशन काढलं. आमच्याकडे चर्चासत्रांत याच गोष्टीला चहा-बिस्किटं आणि दोन दिवस लागतात. शेवटी यशोदाबाईंनी हात वर केला. ओटी शांत. "पदरच हाय," त्या म्हणाल्या. तेरा अंगठे तेरा फोनांवर टेकले.

म्हणजे मतं होती. चांगली रसरशीत होती. फक्त माझ्यापर्यंत येण्याआधी मिटवली जात होती.

ओटीच्या आतल्या दारात यशोदाबाईंची सून उभी होती, रंजना. तिशीची असेल. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात फोन. गटात तीही होती, पण बसायला नव्हती. सासूनं निकाल दिला की उभ्याउभ्याच दाबायची आणि आत जायची. मी तिला विचारलं, "तुला काय दिसलं गं?"

"आई म्हनतात तेच," ती म्हणाली आणि कप भरायला लागली.

मग मी सांगून टाकलं. गुळमुळीत बोलून उपयोग नव्हता. ही उत्तरं मला घेता येत नाहीत, म्हटलं. तुमचं काम खोटं नाही, पण ज्या पद्धतीनं झालं त्या पद्धतीनं ते मोजता येत नाही.

यशोदाबाईंचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला.

"बँकेचा सायब येतो," त्या म्हणाल्या, "तो पयला सवाल काय करतो? ठराव एकमतानं झाला का? एकमत नसंल तं कागद माघारी. आमी हितं घसा सुकवून एकमत आनतो. आन तुमी म्हनता, एकमत झालं हेच चुकलं?"

बाईचं म्हणणं अगदी रास्त होतं. गट टिकतो तो एकमतावर, गाव टिकतं तेही. आम्ही मात्र जन्मभर एकमेकांच्या चुका काढूनच जगतो आणि त्यालाच पगार घेतो. मग सुचलं ते बोलले.

"यशोदाबाई, लग्नाच्या घरी आमटीत मीठ बरोबर आहे का ते बघायला तेरा जणींना बोलावलं. एकीनं चाखलं, बारा जणी न चाखताच म्हणाल्या, बरोबर आहे. तर किती जणींनी चाखलं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नंतर ओळीतल्या बायकांकडे. नंतर पुन्हा माझ्याकडे.

"म्हंजे माजंच तोंड तेरा येला मोजलं तुमी?"

"हो."

"आगं बाय," यशोदाबाई म्हणाल्या, आणि स्वतःच आधी हसल्या. त्या हसल्यावर सगळी ओटी हसली. हिराबाईला झगडा न झाल्याचं थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

मनीषानं संधी सोडली नाही. माझ्याकडे कोणी न बघितलेली नवी चित्रं होती. आजच्या आज पुन्हा करायचं, तिनं जाहीर केलं. प्रत्येकीनं एकटीनं बसायचं, बोलायचं नाही, विचारायचं नाही, नावं कोणाला दिसणार नाहीत. या नव्या उत्तरांवर ठरेल काय ते. "आणि काहीच दिसलं नाही तर नाही म्हणा," मी बजावलं, कारण त्यांच्या आधीच्या उत्तरांत 'नाही' जवळजवळ नव्हतंच.

"नाय कसं म्हनायचं?" एक बाई संकोचली. "येवढ्या लांबून तुमी पाठवलंय. रिकाम्या हातानं धाडायचं का?"

तेव्हा कळलं. माझ्या दीर्घिकांचा पाहुणचार चालला होता.

दुपारी शेणव्यात जो प्रकार झाला तो मी जन्मात विसरणार नाही. एक बाई गोठ्यात, एक देवळाच्या पायरीवर, एक पाण्याच्या टाकीखाली, एक पेंढ्याच्या उडवीला टेकून. हिराबाई शेवग्याखाली, तिच्याकडचा दुसरा फोन मनीषानं काढून घेतलेला. जाणारा-येणारा पुरुष विचारायचा, "काय झालं, भांडलात का?" आणि बाई तोंडावर बोट ठेवून मान हलवायची. संपूर्ण गावात एकच आवाज येत होता, यशोदाबाईंचा. त्या आपल्या खळ्यावर बसून दर थोड्या वेळानं ओरडत होत्या, "कोनी बोलू नका गो!"

रंजना कुठे दिसेना. ती विहिरीच्या कठड्यावर होती, गावाकडे पाठ करून. बराच वेळ बसली होती. मी लांबूनच परत फिरले.

उन्हं उतरायला लागली तेव्हा सगळ्या परत ओटीवर आल्या. मी लॅपटॉप उघडला. पहिलं चित्र, आठ जणींना शेपटी दिसली, तिघींना नाही, दोघींना सांगता येत नाही. ओटीवर गलका झाला. दुसरं चित्र, अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे. कोण कुठे हे सांगायचं नाही ठरलेलं, पण चेहऱ्यांवरून सगळं कळत होतं. यशोदाबाई डोकं धरून बसल्या.

"गेली गटाची अब्रू. तेरा तोंडं, तेरा मतं."

"यशोदाबाई, हे चाललं!" मी म्हणाले. मला खरोखर उभं राहून नाचावंसं वाटत होतं. "हे मला घेता येतं. सगळंच्या सगळं. हे निबंधात जाणार आणि गटाचं नावही जाणार."

मनीषानं मला मिठी मारली. मग डोळे पुसत सगळ्यांना वालाच्या शेंगा वाटल्या, त्या हिराबाईच्या होत्या. बायकांना निम्मं पटलं, निम्मं नाही, पण नाव जाणार हे सगळ्यांना कळलं आणि आनंद ओटीभर झाला. यशोदाबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

शेवटच्या चित्रांपैकी एक राहिलं होतं. एकटीच दीर्घिका, गोल, स्वच्छ, आजूबाजूला काही नाही. बारा जणींनी लिहिलं होतं, नाही. एकीनं लिहिलं होतं, आहे.

"ही कोन शहानी?" कोणीतरी हसून म्हणालं. दुसरीनं म्हटलं, बोट चुकून लागलं असंल, पुसा ते. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. बारा एका बाजूला म्हटल्यावर ओटी आपल्या जुन्या वळणावर चालली होती. नियमाप्रमाणे मला नाव सांगायचं नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

"चुकून नाय लागलं," आतल्या दारातून आवाज आला. रंजना. हातात किटली. "मी दाबलं."

यशोदाबाईंनी मान वळवली.

"कुठं दिसलं तुला?" यशोदाबाईंनी विचारलं.

रंजनानं दारातूनच बोट दाखवलं, खालच्या बाजूला, दीर्घिकेपासून बरंच लांब. यशोदाबाईंनी लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला. जवळून बघितलं, लांब धरून बघितलं, चष्मा पदरानं पुसून पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मीही वाकून पाहिलं. मला काही दिसलं नाही, आणि मी तसं सांगितलं. असेलही, नसेलही. याहून मोठ्या दुर्बिणीनं कोणी बघितलं तरच कळेल.

"मला पन नाय दिसत," यशोदाबाई म्हणाल्या. मग त्या सुनेकडे वळल्या. "तू नीट बगितलंस?"

"लई येल बगितलं," रंजना म्हणाली. "हाय तिथं. मी नाय बदलनार."

तेरातलं ते एक मत मला किती हवं होतं हे मला तेव्हा समजलं, आणि तिनंच ते मागे घेतलं असतं तर मी काहीही करू शकले नसते, हेही.

यशोदाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. दाराशी गेल्या, सुनेच्या हातातली किटली काढून घेतली.

"चा मी ठेवते," त्या म्हणाल्या. "तू बस हितं, माज्या जागंवर. दाव सगल्यांना."

रंजना बसली. लॅपटॉप स्वतःकडे वळवला, आणि बाकीच्या जणी तिच्याभोवती सरकल्या.